मापे आणि माणसे : शरीराच्या चलनवलनाची मोजदाद

तापीच्या काठावरील सुरत हे शेकडो वर्षांचे व्यापाराचे शहर आहे आणि व्यापाराच्या शहराला मापांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या इंग्रजी व्यापारी कोष्टकांत सुरती मण सुमारे ३७ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा दिलेला आढळतो. शब्द एकच, परंतु गाव बदलले की त्यातले वजन बदले. हा फरक ज्याला ठाऊक नसे, त्याचा व्यवहार तोट्यात जाई. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजने-मापे आली आणि हा घोळ मिटला. आज किलोग्रॅम सुरतेत तोच, पुण्यात तोच आणि पॅरिसमध्येही तोच आहे.

माणसाच्या शरीराच्या बाबतीत काही गोष्टी अशाच सर्वत्र सारख्या मोजता येतात. ताप, रक्तदाब, रक्तातील साखर यांचे आकडे कोठेही तेच सांगतात. परंतु पक्षाघातातून उठलेले आजोबा किंवा खुब्याचे हाड मोडून सहा आठवडे अंथरुणावर काढलेल्या आजी 'कितपत बऱ्या झाल्या' हे कशाने मोजायचे? त्या उठतात, चालतात, जेवतात, न्हातात, पण कितपत? हा प्रश्न पुनर्वसन वैद्यकाचा कणा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेक मोजपट्ट्या तयार झाल्या. त्यांचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि तरीही त्या आकड्यांवर आपल्या घरांतील मोठे निर्णय अवलंबून असतात. रुग्णाला घरी केव्हा सोडायचे, फिजिओथेरपी किती दिवस चालू ठेवायची, रात्रंदिवस माणूस ठेवावा लागेल काय, दिव्यांगत्वाचा दाखला मिळेल काय, हे सारे त्यावर ठरते. ज्या घरांतील मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत आणि वडीलधारी मंडळी सुरतेतच राहिली आहेत, त्यांना तर फोनवर कळवला जाणारा तो आकडाच पुष्कळदा आईवडिलांच्या प्रकृतीचे एकमेव वर्तमान असतो. म्हणून हा आकडा कोठून येतो आणि त्यात काय मावते, काय मावत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

सुटे सुटे शरीर

आरंभीच्या मोजपट्ट्या शरीराचे भाग सुटे करून मोजणाऱ्या होत्या. अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट लव्हेट हे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करीत. त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१२ मध्ये स्नायूंचे बळ हाताने तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलू शकतो का, तपासणाऱ्याने हाताने विरोध केला तरी उचलू शकतो का, अशा सोप्या कसोट्यांवर ती उभी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने तिला शून्य ते पाच असे आकडे दिले. स्नायूत काहीच हालचाल नसेल तर शून्य, पूर्ण बळ असेल तर पाच. आजही कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर 'बळ तीन' किंवा 'बळ चार' असे लिहिलेले दिसते, ते याच पद्धतीचे.

कायद्यानेही शरीराकडे याच दृष्टीने पाहिले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अवयवांच्या हानीची टक्केवारी दिलेली होती. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. ज्या शहरात हजारो हात यंत्रमागावर, जरीच्या तारेवर आणि हिऱ्याच्या घाटावर चालतात, त्या शहराला या यादीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ही यादी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. तिच्यापूर्वी कामगाराला भरपाई मिळवणे फार अवघड होते आणि यादीमुळे घासाघीस कमी झाली. परंतु तिच्यात एक उणीव होती. जरीकाम करणाऱ्याची तर्जनी आणि पहारेकऱ्याची तर्जनी यांना ती एकच किंमत लावते. बोट गेल्याने माणसाचे कोणते काम थांबले, हे ती विचारीत नाही.

अवयवाकडून कामाकडे

हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला. युद्धानंतर पाश्चात्त्य देशांत वृद्धांची आणि दीर्घ आजारांच्या रुग्णांची संख्या वाढू लागली. अशा रुग्णाचा एक एक स्नायू तपासून फारसे हाती लागत नसे. त्याला घरी पाठवता येईल का, एवढेच कळणे महत्त्वाचे होते.

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. सिडनी काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६३ मध्ये सहा कामांची यादी प्रसिद्ध केली : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. त्यांच्या लक्षात आले की बरे होताना ही कामे ठराविक क्रमाने परत येतात. आधी जेवणे आणि मलमूत्रावरील ताबा, मग उठणे आणि शौचास जाणे, शेवटी कपडे घालणे आणि स्नान. लहान मूल साधारण याच क्रमाने स्वावलंबी होते, हे साम्यही त्यांनी नोंदवले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी आपली दहा कामांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. मेरीलँड राज्यातील दीर्घ आजारांच्या रुग्णालयांत ती १९५५ पासून वापरात होती. तिचे एकूण गुण १००. जेवणे १०, खाटेवरून खुर्चीत जाणे १५, सपाट जमिनीवर चालणे १५, जिना चढणे-उतरणे १०, कपडे घालणे १०, शौचास जाणे १०, मल आणि मूत्र यांवरील ताबा प्रत्येकी १०, स्नान ५ आणि तोंड धुणे, केस विंचरणे आदी ५. कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही, काही मिनिटांत काम होते, आणि परिचारिकेलाही ते करता येते. या साधेपणामुळे बार्थेलची मोजपट्टी जगभर पसरली. १९८९ मध्ये सूर्या शहा आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी प्रत्येक कामाच्या पायऱ्या वाढवून ती अधिक सूक्ष्म केली. आज पक्षाघाताच्या रुग्णाच्या कागदावर '१०० पैकी ६५' असा आकडा दिसला तर तो बहुधा याच घराण्यातला असतो.

या मोजपट्टीच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १०० गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, हे त्यांनी मूळ लेखातच स्पष्ट केले होते. त्याला स्वयंपाक करता येणार नाही, घर सांभाळता येणार नाही, लोकांत वावरता येणार नाही, असे होऊ शकते. १०० गुणांचा अर्थ एवढाच की त्याच्यासोबत सतत माणूस असण्याची गरज नाही. पुढे आकडा प्रवासाला निघाला आणि ही सूचना मागे राहिली. आपल्याकडे 'शंभरपैकी शंभर' म्हटले की आपण पेढे वाटतो!

मुंबईचा वाटा

हे शास्त्र पश्चिम भारतात कसे आले, यात आपल्या वाचकांना आपुलकी वाटावी असे एक प्रकरण आहे. मुंबईत १९४७ मध्ये फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. त्याच सुमारास एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन बाई भारतीय पुनर्वसनाची पायाभरणी करण्याच्या तयारीत होती. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून ती १९३० मध्ये भारतात आली आणि कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन तिने व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या विषयाचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील ते पहिले मानले जाते. १९५२ मध्ये व्यवसायोपचाराची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. १९५३ मध्ये के. ई. एम. मध्येच फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली.

व्यवसायोपचार या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सर्व, म्हणजे दात घासण्यापासून देवपूजेपर्यंत, या अर्थी तो शब्द आहे. शरीराकडे अवयवांची बेरीज म्हणून न पाहता त्याच्या दिनक्रमातून पाहण्याची शिकवण या विद्यालयातून बाहेर पडली. सुरतेत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नवे सिव्हिल आहे, फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासक्रमाची मुळे शोधत गेले तर मुंबईच्या या प्रारंभापर्यंत जाता येते.

मोजपट्टी कोठे टोचते

मात्र या शिकवणीबरोबर जी साधने आली, ती ज्या घरांत जन्मली त्या घरांचे वळण घेऊनच आली. संधिवाताच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डॉ. जेम्स फ्राइज आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आठ गटांत वीस प्रश्न, आणि उत्तराला शून्य ते तीन गुण. जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रश्नावलींत ती मोडते. तिच्यातील काही प्रश्न पाहा. ताटातले मांस कापता येते का? दुधाचे नवे खोके उघडता येते का? टबमध्ये बसून स्नान करता येते का? निर्वात यंत्राने घर झाडणे किंवा अंगणातील बागकाम जमते का? गोपीपुऱ्यातील एखाद्या शाकाहारी घरच्या, बादलीत पाणी घेऊन तांब्याने न्हाणाऱ्या आजींना हे प्रश्न विचारले तर त्या काय उत्तर देतील? 'नाही' म्हटले तर तो आजार समजायचा की रीत?

याच्या उलट दोषही तितकाच गंभीर आहे. आजींच्या आयुष्यात जे मोलाचे, ते या यादीत नसते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वापरण्यासाठी १९८९ मध्ये अमेरिकेतील नी सोसायटीने जे गुणांकन दिले, त्यात कामाच्या १०० गुणांपैकी ५० चालण्याला आणि ५० जिन्याला होते. त्यात जमीन नव्हती. मांडी घालून जेवणे, देवासमोर बसणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, जमिनीवरून आधाराशिवाय उठणे यांना एकही गुण नव्हता. म्हणजे शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती गुणांच्या दृष्टीने उत्तम असे आणि तरीही मंगळागौरीला किंवा पंगतीला ती कायमची खुर्चीवर गेलेली असे. या गुणांकनाचे नवे रूप २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गुडघे टेकणे आणि उकिडवे बसणे यांना त्यात जागा मिळाली.

भारतात ही अडचण प्रथम ठळकपणे ओळखली गेली ती प्रश्नावलीच्या नव्हे, तर कृत्रिम पायाच्या निमित्ताने. परदेशी बनावटीचा पाय बुटात घालून सपाट रस्त्यावर चालण्यासाठी होता. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जो 'जयपूर पाय' घडवला, त्याची कसोटीच मुळी या तीन गोष्टी होत्या. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय घडवणाऱ्याने आधी विचारले की हा माणूस बसतो कसा. मोजपट्टी घडवणाऱ्यांनी तोच प्रश्न विचारायला आणखी काही दशके घेतली.

भिगवण, दिल्ली आणि वल्लभगड

पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने चाललेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. गावातीलच स्वयंसेवकांना शिकवून तयार केले गेले. ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली आणि त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठरांहून थोड्या अधिक लोकांना, सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. गावकऱ्यांना हे दुखणे कोणत्या कामात अडते हे विचारायचे तर प्रश्न मराठीत आणि मराठी घरातले असणे भाग होते. पुण्याच्या या गटाने पाश्चात्त्य प्रश्नावलींची भारतीय रूपे वापरात आणली. गुडघ्याच्या दुखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या वोमॅक प्रश्नावलीच्या त्यांच्या रूपात उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांचा समावेश झाला.

दिल्लीत डॉ. अशोक कुमार, डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रश्नावलीचे बारा प्रश्नांचे भारतीय रूप तपासून प्रसिद्ध केले. त्यातील प्रश्न वाचताना आपल्याच घराचा भास होतो. साडी, सलवार, धोतर किंवा पायजमा बांधता येतो का? उकिडवे किंवा मांडी घालून बसता येते का? नळ उघडता-बंद करता येतो का? रिक्षात चढता-उतरता येते का? भाजीबाजार करता येतो का? तीन किलोमीटर चालता येते का?

हरियाणातील वल्लभगड भागात याहून वेगळी अडचण होती. तेथील वृद्ध बहुतांशी निरक्षर. स्मृतिभ्रंशामुळे त्यांची रोजची कामे बिघडली आहेत काय, हे हिशेब, फोन किंवा वाचन यांवरून कसे ठरवणार? तेथे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून १९९९ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती घरच्यांना विचारते : जेवण झाल्याचे ते विसरतात का? गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? निरोप सांगितला तर पोचवतात का? घरातल्या लग्नासारख्या विषयावर मत देतात का? यातला शेवटचा प्रश्न फार अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाचे 'काम' पुष्कळदा हातापायांचे नसते. ते मत देण्याचे असते. मत विचारणे आणि देणे थांबले की घरातले त्यांचे स्थान सरकते, आणि तो बदल कोणत्याही स्नायूच्या तपासणीत उमटत नाही.

प्रश्न बदलणे पुरेसे नाही

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग आपणही चार आपले प्रश्न घालावेत आणि मोजपट्टी तयार करावी. परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही. मोजपट्टी चांगली की वाईट हे ठरवण्याच्या कसोट्या आहेत. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी एकाच रुग्णाला मोजले तर आकडा जवळपास सारखा आला पाहिजे, ही विश्वासार्हता. जे मोजायचे तेच मोजले गेले पाहिजे, ही यथार्थता. रुग्ण सुधारला तर आकडा हलला पाहिजे, ही संवेदनक्षमता. आणि बऱ्या झालेल्या अनेकांना सरसकट पूर्ण गुण मिळून पुढची सुधारणा दिसेनाशी होता कामा नये. बार्थेलच्या मोजपट्टीवर हा शेवटचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे.

साधनाच्या किमतीचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत १९८० नंतर विकसित झालेली अठरा बाबींची, १८ ते १२६ गुणांची 'फिम' ही मोजपट्टी अधिक सूक्ष्म आहे. पण ती परवान्याने मिळते आणि प्रशिक्षण मागते. अमेरिकी सरकारच्या विमा योजनेनेच ऑक्टोबर २०१९ पासून पुनर्वसन रुग्णालयांत तिच्याऐवजी दुसरे गुणांकन आणले. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात जे साधन परवडत नाही, ते कितीही सूक्ष्म असले तरी तेथे उपयोगाचे नाही.

भाषांतराचेही शास्त्र आहे. २००० साली डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पायऱ्या सांगितल्या. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही एकत्र जुळवायची, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तींनी ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, जाणत्यांच्या समितीने सर्व तपासायचे आणि तीस-चाळीस रुग्णांवर चाचणी घ्यायची.

सुरतेच्या मराठी माणसाला या खटाटोपाचे कारण लगेच पटावे. येथील फिजिओथेरपिस्ट बहुधा गुजरातीत विचारणार, 'दादर चढवानुं फावे छे?' आता गुजरातीतील 'फावे' म्हणजे सोयीचे वाटणे, सवयीने जमणे. मराठीत 'फावणे' म्हणजे वेळ किंवा संधी मिळणे. घरात मराठी आणि शेरीत गुजराती बोलणाऱ्या आजोबांनी हो म्हटले, तर त्यांनी क्षमतेविषयी सांगितले की सवडीविषयी? आपला 'जमते' हा शब्दही निर्दोष नाही. 'जिना जमतो का' याला 'जमतो' असे उत्तर येते. पण कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून आणि मागे नातवाला उभे करून जमतो, हे त्या शब्दात दडून जाते. उकिडवे बसण्याला गुजरातीत 'उभडक' म्हणतात आणि मांडीला 'पलांठी'. दोन भाषांत वाढलेल्या कुटुंबासाठी प्रश्न कोणत्या भाषेत विचारला हे कागदावर लिहून ठेवणेही मोजमापाचाच भाग आहे.

करू शकणे आणि करणे

सर्वांत अवघड गाठ मात्र आपल्या घरांतच आहे. माणूस काय करू शकतो आणि प्रत्यक्षात काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. आपल्या कुटुंबांत सेवेची परंपरा आहे आणि तिचा अभिमान बाळगण्यासारखाही आहे. पण त्यामुळे असे होते की सासऱ्यांना स्वतः शर्टाची बटणे लावता येत असूनही सून लावते, आईला भरवले जाते, बाबांना 'तुम्ही बसून राहा' असे सांगितले जाते. मग घरच्यांना विचारून भरलेल्या कागदावर गुण कमी पडतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, न वापरलेले बळ खरोखरच जाते. उलट बाजूही आहे. रुग्णालयाच्या रुंद, सपाट मार्गिकेत कठडा धरून चालणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात आणि जुन्या सुरतेतील अरुंद, उभ्या लाकडी जिन्याच्या घरी आल्यावर तो माणूस वरच्या मजल्यावरच अडकतो.

यात पुरुष आणि स्त्री हा भेदही आहे. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये घर चालवण्याच्या आठ कामांची मोजपट्टी दिली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा व्यवहार. मूळ पद्धतीत स्त्रियांना आठही कामांचे गुण दिले जात आणि पुरुषांना स्वयंपाक, घरकाम, धुणे वगळून पाचच कामांचे. हा त्या काळच्या अमेरिकेचा संसार होता. पत्नी गेल्यावर चहाही करता न येणारे किती वृद्ध आपण पाहिले आहेत! ते दुबळे नसतात. त्यांना ते काम कधी करावे लागलेच नाही. मोजपट्टीला हा फरक स्वतःहून कळत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो.

जमिनीची आठवण

या इतिहासाचा अलीकडचा एक टप्पा आपल्याला गंमतीचा वाटेल. चालण्याच्या परीक्षांत आजवर खुर्चीचेच राज्य होते. १९९१ मधील प्रसिद्ध चाचणीत सुमारे ४६ सेंटीमीटर उंचीच्या हाताच्या खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. लागलेला वेळ घड्याळाने मोजायचा. चाचणी उत्तमच आहे. पण २०१२ मध्ये ब्राझीलचे डॉ. क्लॉडियो अराउजो यांच्या गटाने ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींची वेगळी परीक्षा प्रसिद्ध केली. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, कोपर किंवा गुडघ्याचा आधार घेतला की प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल डळमळला तर अर्धा. कमी गुण मिळालेल्यांत पुढील वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा कोणी काढू नये. जमिनीवरून उठण्यास बळ, तोल आणि लवचिकता ही तिन्ही लागतात आणि ती एकत्र मोजली जातात, एवढाच तो अर्थ. तरीही आपल्या पूर्वजांची पंगत एका वैद्यकीय चाचणीच्या रूपाने सातासमुद्रापलीकडून परत आली, असे म्हणण्याचा मोह होतो.

या सर्वांतून कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, आकड्याचा अनादर करू नये. 'आता बरे आहेत' या वाक्यापेक्षा '६५ वरून ८०' हे वाक्य अधिक सांगते आणि सुधारणा थांबली तर तेही दाखवते. म्हणून मोजणीचा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्याच मोजपट्टीने मोजण्याचा आग्रह धरावा. दुसरी गोष्ट, मोजणाऱ्याला आपले घर सांगावे. जिना किती उभा आहे, शौचालय कसे आहे, आजींना देवासमोर खाली बसायचे आहे की नाही, आजोबांना शेरीच्या तोंडापर्यंत एकट्याने जायचे आहे की नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट हे ऐकून उपचाराचे ध्येय बदलतो. तिसरी गोष्ट, घरी आल्यावर हाताने होणारे काम त्यांच्या हातून काढून घेऊ नये, मग त्याला दुप्पट वेळ लागला तरी चालेल.

दशमान पद्धतीने देशातले मण एक केले ते योग्यच झाले, कारण कापसाला घर नसते. माणसाला असते. त्याचे बळ मोजताना ते घर हिशेबात धरावेच लागते. भिगवणच्या स्वयंसेवकांनी आणि जयपूरच्या कारागिराने हे ओळखले होते. आपल्या शहरातील दोन भाषांच्या, खालीही बसणाऱ्या आणि खुर्चीतही बसणाऱ्या घरांसाठी ते काम पुढे नेणारे तरुण याच शहरातील महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडत आहेत. त्यांतील काही आपल्याच घरांतले आहेत. त्यांनी आपल्या आजीला पहिला प्रश्न 'किती गुण?' हा न विचारता 'तुला काय करायचे आहे?' हा विचारावा. गुण त्यानंतर मांडावेत.